पारावरची मीटिंग

४ डिसेंबर

रोज लिहायचं म्हणून गेल्या आठवड्यात बेल्याच्या बाजारात वही घेतली आणि आज पहिल्यांदा उघडली. मधे काय केलं? काही नाही. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या होत्या, त्यांच्या मागे मोटरसायकल घातली आणि उगाच दोन गावं पुढे जाऊन आलो. एका ठिकाणी चहा चांगला होता.

तर कामाचं. आदिलाबादच्या व्यंकटरावांकडे लागलोय. कार्डावर 'राजकीय सल्लागार'. लोकांना निवडून आणायचं, आपण उभं राहायचं नाही. मला ठेवलं कारण मी मुधोळचा. घरी मराठी, शाळेत तेलुगू, बीए दोन्हीत अर्धवट.

नदीकाठचं हे गाव. सरपंचपद यंदा बाईला राखीव. आमची उमेदवार सुवर्णाताई, बचत गट चालवते. नवरा जीवनभाऊ, त्याला पुढारीपणाची भारी हौस. पोस्टरवर त्याचा फोटो मोठा, तिचा लहान. मी म्हटलं, उलटं करू या का? व्यंकटराव म्हणाले, "तू प्रचार कर बाबू, सुधारणा करू नको."

५ डिसेंबर

ताईबरोबर घरोघर फिरलो. पाय गेले. ती बोलते कमी, ऐकते जास्त. खालच्या गल्लीत नळाला पाणी का पोचत नाही, कुठला व्हॉल्व्ह कोण बंद करून ठेवतो, सगळं तिला माहीत. बाकीच्यांना बायका दारातून वाटेला लावतात, हिला चुलीपर्यंत नेतात. एक म्हातारी मला म्हणाली, "हे आली त पानी येईन. तू काऊन फिरून राह्यला इच्या मांगं?"

खरंच. काऊन? का फिरतोय मी?

६ डिसेंबर

थंडी. दुपारपर्यंत अंगावरची गोधडी सोडवली नाही.

मग व्यंकटरावांचा फोन. "मोठ्या मीटिंगचा फोटो पाहिजे. स्टेज, माइक, गर्दी." या गावात स्टेज कुठून आणू? फिरता फिरता मारुतीपुढचा पार दिसला. कडुनिंबाखाली, दगडी, ऐसपैस. माझ्या खोलीच्या अगदी समोर, आणि मी रोज तिथून जातो! उद्या संध्याकाळची मीटिंग तिथंच लावली. स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटलं.

७ डिसेंबर

लिहू वाटत नाही. तरी.

पारावर नेहमीचे म्हातारे बसलेले. मधोमध माणिकराव, ताईचे सासरे. समोर गर्दी चांगली. ताई आली. पार अजून लांब होता तेव्हाच तिने चपला काढून हातात घेतल्या, पदर पुढे ओढला. इथल्या सुना पारासमोरून अशाच जातात. मुधोळला माझी आईसुद्धा अशीच जायची. जन्मभर पाहिलेलं, आणि काल डोक्यात आलं नाही. मला नुसतं स्टेज दिसलं.

मी माइकवरून म्हणालो, "ताई, वर या." माइकवरून! सगळी गर्दी तिच्याकडे वळली.

ती खालीच थांबली. हळूच म्हणाली, "मामाजी बसले हायत नं."

माणिकराव नदीकडे बघत राहिले. उठले नाहीत, ये म्हणाले नाहीत. शेवटी जीवनभाऊच वर चढला आणि माइक माझ्या हातातून घेतला. मी हे आणीन, मी ते करीन. कितीतरी वेळ. ती खाली तशीच उभी.

मी फोटो काढला आणि नीट न बघता प्रचाराच्या ग्रुपवर टाकला. सवयच तशी.

८ डिसेंबर

फोटो सगळीकडे फिरून राह्यला. वर नवरा माइक घेऊन, खाली उमेदवार हातात चपला घेऊन. विरोधकांनी खाली लिहिलं, 'सरपंच कोण, ओळखा.' किराणा दुकानात मी काडेपेटी मागितली तर दुकानदार म्हणाला, "वर येऊन घेता का खालीच देऊ?"

व्यंकटराव फोनवर एकदम शांत. "बाई उद्या अर्ज मागे घेईन म्हणते. घेऊ दे. उद्या दुपारपर्यंतच मुदत आहे. तू निघ तिथून."

माफी मागायला तिच्या घरी गेलो. जीवनभाऊ ओसरीत येरझारा घालत होता. "काऊन मागं घेतं? मी हावो नं!"

आतून ताई म्हणाली, "तुमी हाये म्हनूनच."

मग बाहेर आली. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "भाऊ, लग्न होऊन आली त्या दिवशी मारुतीले मी खालूनच हात जोडले. अजून बी खालूनच. ग्रामसभा त्याच पारावर भरते. निवडून आली तरी मी उभी कुठं राहू, सांगा."



माणिकराव खाटेवर बिडी ओढत सगळं ऐकत होते. मी निघालो तेव्हा त्यांनी विचारलं, "मुधोळचा नं तू?"

"हो."

"तिथं बी असंच?"

"असंच."

ते विझलेली बिडी ओढत राहिले.

बॅग भरली. उद्या मंचेरियल. तिथं एक मित्र आहे, रेल्वे स्टेशन आहे, काही ना काही मिळेल. काम बिघडलं की मी असाच निघतो. पण या वेळी बिघडलं ते माझं नाही, तिचं. थकलो.

९ डिसेंबर, सकाळ

बॅग खांद्यावर घेऊन दार उघडलं तर समोर माणिकराव. अख्ख्या पारासमोरून चालत आलेले. पारावरचे म्हातारे माना वळवून इकडेच बघताहेत. माणिकरावांच्या पायात काही नाही, चपला हातात.

"माइक हाये का अजून तुह्याजवळ?"

त्यांच्या मागे सुवर्णाताई. चपला पायात.