मागच्या खोलीतला ओटा

२१ नोव्हेंबर १९८२, रविवार

आज मागच्या मोकळ्या जागेचं माप घेतलं. दहा फूट चार इंच बाय साडेअकरा. सध्या तिथे तुळशीची कुंडी, बेबीची मोडकी सायकल आणि 'कधीतरी लागतील' म्हणून सुमनने साठवलेल्या फरशा. एवढ्या जागेत दादा मावतो. मावलाच पाहिजे.

गिरण्यांच्या संपाला दहा महिने झाले. लालबागला दादा राहतो त्या गावकऱ्यांच्या सामाईक खोलीतले निम्मेअधिक गावी गेले. दादा हलत नाही. म्हणतो, उद्या भोंगा वाजला तर? पण भोंगा वाजेल असं त्याच्या तोंडावर दिसत नाही. आज फराळाचा डबा घेऊन गेलो तेव्हा सांगून टाकलं, वाशीला ये, कायमचा. मागे खोली बांधतो. "बघू," म्हणाला. दादाचं बघू म्हणजे हो. नाही म्हणायचं असलं की तो काही बोलत नाही, विडी पेटवतो.

परत आलो तर शेजारच्या शेट्येकाकूंकडून अनारसे आलेले. सुमनने वाटी धुऊन, साखर घालून बेबीच्या हाती परत पाठवली. शेजाऱ्याची वाटी रिकामी पाठवायची नसते. बेबीने वाटेत अर्धी साखर खाल्ली असणार.

५ डिसें., रवि.

ट्रेसिंग पेपर अंथरून बसलो. वीस वर्षं दुसऱ्यांची घरं काढतोय. आपल्या घराची पहिली रेघ तीनदा खोडली.

ऑफिसात सध्या मलबार हिलवरचा एक जुना बंगला चालू आहे. सगळं आतून नवीन करायचं. मालकाच्या वडिलांसाठी वेगळा भाग, वेगळं दार, छोटी पॅन्ट्री. साहेब म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला चहासाठी सुनेकडे बघायला लागू नये. याला म्हणतात मान." ते ड्रॉइंग मीच शाईने पुरं केलं. मनात बसलं. दादालाही तसंच द्यायचं. मागच्या गल्लीत उघडणारं त्याचं दार, त्याची मोरी, त्याचा ओटा.

सुमन म्हणाली, "ओटा कशाला? चहा मी देईन की."

म्हटलं, दादा चारला उठतो. जन्मभर पहिली पाळी केली त्याने. तू उठणार चारला? ती तांदूळ निवडायला लागली. मी जिंकलो.

मी दहा वर्षांचा असताना आई-बाबा एकामागोमाग गेले. दादा बावीसचा, मला गावाहून घेऊन आला. खानावळीत ताट एकाचं, जेवणारे दोघे. भात माझ्या बाजूला ढकलायचा आणि म्हणायचा, मला आज भूक नाय. रोजच नव्हती त्याला. माझी शाळा, मग ड्रॉइंगचा कोर्स, मग माझं लग्न. त्याचं राहिलंच. कुणी विचारलं की म्हणायचा, धाकट्याचं मार्गी लागू दे. धाकट्याचं लागलं तोवर दादा चाळिशी ओलांडून गेला होता.

एक खोली म्हणजे काय मोठंसं. पण निदान एक खोली.

९ जाने. ८३, रवि.

भिंती झाल्या, स्लॅब झाला. परवानगीचं विचारू नये. गल्लीत सगळ्यांनीच मागे वाढवलंय, आणि सगळे एकमेकांना सांगतात, आधी बांधा, मग बघू.

गवंडी बामा, जवळच्याच गावचा. काम सोन्यासारखं, तोंड कडू. थापी मारता मारता सांगतो, "यो तुमचा शेक्टर म्हंजे आमचा शेत व्हता."

आज ओट्याचं काम. कडप्पा बसवता बसवता थांबला. "सायेब, भावाला येगला टाकलाव काय?"

हसलो. म्हटलं, अरे ओटा आहे तो, चूल नाही.

"गॅस असूदे नायतर लाकरा. जेवान शिजतं ती चूल. एका घरान दोन चुली म्हंजे वाटा झाला."

अडाणी माणूस, म्हणून सोडून दिलं. कडा घोटून घेतल्या, दादाच्या हाताला बोचू नयेत.

६ फेब्रु., रवि.

दादा आला. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी. तीस वर्षांची मुंबई तेवढ्यात बसली.

मी खोली दाखवली. लहान मुलासारखा बडबडत होतो. हे दार तुझं, कधीही ये-जा कर. ही खुंटी तुझ्या उंचीला. हा स्टोव्ह, नवा. तो ओट्यापाशी उभा राहिला. कडेवरून तळवा फिरवत शेवटापर्यंत गेला.

"चूल पण मांडलीस."

"ओटा रे. तुझा तुला."

"माझा मला," म्हणाला. "बरं केलंस."

मग दारात जाऊन विडी पेटवली. दमला असेल, लालबागहून ट्रंक घेऊन बस बदलत यायचं म्हणजे.

८ फेब्रु.

काल सकाळी दादा आपला आपण बाजारात जाऊन आला. तांदूळ, डाळ, मीठ, एक टोप. आज उठलो तर त्याच्या खोलीतून पेजेचा वास. साहेब म्हणाले तेच खरं, माणसाला आपला मान हवा असतो. ऑफिसात दोघांना सांगितलं, भावासाठी कशी खोली केली ते. मिरवून घेतलं जरा.

सुमनने चार ताटं घेतली होती. एक परत मांडणीत ठेवलं. आवाज करून ठेवलं.

२० फेब्रु., रवि.

आज हात चालत नाही. तरी लिहितो.

गेले पंधरा दिवस सुमन रोज वाटी पाठवते. कधी बोंबलाचं कालवण, कधी वालाची उसळ. वाटी धुऊन परत येते आणि आत काहीतरी असतं. चार आमसुलं. गुळाचा खडा. काल मूठभर शेंगदाणे. मी म्हणायचो, बघ, दादा किती व्यवस्थित.

आज दुपारी सुमनने ती वाटी माझ्यापुढे ठेवली. आत दोन बताशे.

"तुम्ही एवढे नकाशे काढता. हे दिसत नाही?"

"काय?"

"घरातलं माणूस वाटी भरून परत करतं का?"

शेंगदाणे, गूळ, आमसुलं, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. शेट्येकाकूंची साखर आठवली. आम्ही दादाचे शेजारी झालोय, आणि तो शेजारधर्म पाळतोय. पहिल्या दिवसापासून. मी त्याला मान देत होतो, त्याला वाटलं मी वाटणी देतोय. आणि त्याने ती घेतली. तक्रार नाही, काही नाही. मी दिलेलं कधी परत केलंय त्याने?

बामाला कळलं. सुमनला कळलं. मलाच नाही.

संध्याकाळी मागच्या खोलीत गेलो. म्हटलं, दादा, आजपासून आमच्यात जेव.

"जेवेन की. बोलावशील तेवा जेवेन."

'आमच्यात' म्हणालो मी. शब्दसुद्धा धड निघाला नाही तोंडातून. तो बोलावणं आल्यासारखा आला. हात धुऊन, सदरा बदलून. पाहुण्यासारखं थोडं थोडं जेवला. बेबीने विचारलं, मोठे बाबा, तुम्ही रोज का नाही येत? हसला नुसता.

सगळं तेव्हाच बोलायला हवं होतं. उद्या बोलेन म्हणून उठलो.

२० मार्च, रवि.

महिना गेला, बोललो नाही. सकाळी आठला बाहेर पडायचं, संध्याकाळी परत, आणि ओठावर आलेलं गिळायचं. भित्रा आहे मी. लहानपणी दादाच्या पाठीमागे लपायचो, आता दादापासूनच लपतोय.

आज तो शिमग्याला गावी गेला. पालखी नाचवायला खांदे कमी पडतात म्हणाला. ट्रंक इथेच ठेवली, म्हणजे परत येणार. पण निघताना मागच्या दाराची चावी सुमनच्या हातावर ठेवली. ती म्हणाली, असू द्या तुमच्याकडे. तर म्हणाला, "नको गो. हरवली तर तुमची पंचाईत."

२४ एप्रिल, रवि.

पालखी होऊन महिना होत आला. दोन पत्रं टाकली. उत्तर एकच कार्ड, तेही दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. 'मी खुशाल आहे. बेबीस आशीर्वाद.' तारीख, सही, बस.

आज गावचा गणपत आला होता, दादाचा खोलीतला जोडीदार. चहा घेता घेता म्हणाला, "तुझी लय तारीफ करतो हो गावात."

काय म्हणतो?

"म्हणतो, धाकट्यानं येगळं घातलं, पण नीट घातलं. पक्की खोली, चूल, सोताचं दार. आजकाल कुठला भाव एवढं करतो?"

कपातला चहा तसाच राहिला. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. तो माझी तारीफ करत फिरतोय.

गणपत जाता जाता हळूच म्हणाला, गावातल्या बायका सुमनला बोल लावतात, तिनेच वेगळं करायला लावलं म्हणून. तिने आतून ऐकलं. भाजी चिरत राहिली. ओटा कशाला, असं तीच म्हणाली होती. हे गावात कोण सांगणार? मी सांगायला पाहिजे. मी इथे रोजनिशी लिहीत बसलोय.

आज रडलो. मोरीत नळ सोडून. सुमनला कळलंच असेल, बादली भरून वाहत होती.

१ मे, रवि.

बामाला बोलावलं. ओटा फोड म्हटलं. मागचं दार विटांनी बुजव, आणि आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीत दार पाड. खोली घरातून उघडू दे.

बामाने हातोडा घेतला नाही. "बोललो व्हतो तुमाला."

"हो रे. चुकलं."

"त्यांना इचारलाव काय? फोरू काय म्हनून?"

म्हटलं, घर माझं, ओटा माझा, तू फोड.

पहिल्या घावाला कडप्पा उभा चिरला. मला वाटलं होतं हलकं वाटेल.

१५ मे, रवि.

गावाहून आजच परत आलो. सुमनने रव्याचे लाडू दिले होते, मोठ्या पितळी डब्यात. गच्च भरून.

दादा घराच्या पडवीत राहतो. बाकीचं घर बंद. तीन दगडांची चूल. मला बघून उठला, घोंगडी अंथरली, गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवलं. ज्या पडवीत मी रांगलो तिथे मला पाहुण्यासारखं गूळ-पाणी.

जेवायला दोन ताटं घेतली. मला वाटलं होतं, म्हणावं, एकाच ताटात घे. चाळिशीच्या माणसाला हे कसं म्हणता येतं? म्हणालोच नाही.

शेवटी एका दमात सगळं सांगितलं. मलबार हिल, पॅन्ट्री, साहेब. वेगळं घालायचं मनात नव्हतं रे दादा, तुला कुणापुढे हात पसरायला लागू नये एवढंच होतं.

ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी कवा तुझ्याफुडं हात पसरला असता? माजंच घर म्हणून मागितलं असतं."

म्हटलं, ओटा फोडला. दार बुजवलं. आता खोली आपल्या घरातून उघडते.

त्याचा घास हातात राहिला. "फोडलीस? मांडलेली चूल फोडू नये, वसंता. घराला लागतं." घास ताटात ठेवून, अगदी शांतपणे, "मांडलीस तेवा मला इचारलं नायस. फोडलीस तेवा पण नाय."

तीस वर्षांत त्याने मला लावलेला हा पहिला बोल. आणि एक अक्षर खोटं नाही त्यात. त्याच्या आयुष्याचा नकाशा मीच काढला, मीच खोडला, दाखवला कधीच नाही.

एस.टी.पर्यंत सोडायला आला. खिडकीतून विचारलं, दादा, येशील ना?

"बघू."

विडी तोंडात होती. काडेपेटीसाठी खिसे चाचपत होता, तेवढ्यात गाडी सुटली.

२९ मे, रवि.

गणपत गावाहून आला, डबा घेऊन. दादाने दिला म्हणाला, निरोप काही नाही. घाईत होता, दारातूनच गेला.

डबा उचलला तर हलका लागला. सुमनने पदराला हात पुसले, पण झाकण उघडेना. मीच उघडलं.

रिकामा. आमसूल नाही, गूळ नाही, काही नाही. धुतलेलासुद्धा नाही. तळाला तुपाचा ओशटपणा, कडेला रवा चिकटलेला.

सुमन तोंडावर हात धरून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "घरातला डबा आहे हो. घरातल्यासारखा पाठवलाय."

मीही हसलो तिच्याबरोबर. मग एकदम मनात आलं आणि गेलंच नाही. मे अखेर आहे, गावात घरोघरी गेल्या हंगामाचं धान्य सरत आलेलं. पडवीत मला दिसली ती एक तांदळाची मडकी, अर्धी. आपला समजून त्याने डबा रिकामा पाठवला, की त्यात घालायला घरात काही उरलंच नव्हतं?

सुमनला हे बोललो नाही. ती भिंतीतल्या नव्या दारातून मागच्या खोलीत गेली आहे, त्याची ट्रंक पुसतेय. जिथे ओटा होता तिथल्या प्लास्टरचा रंग अजून वेगळा दिसतो.

ऑफिसात चार दिवसांची रजा मागायची. सकाळची पहिली एस.टी. या वेळी आधी विचारेन.