बाराव्या ब्लॉकचं दूध

अंबरनाथ (पूर्व),
ता. १४ ऑक्टोबर १९८९

तीर्थरूप दिनानाथमामांस श्रीपादचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? (हे उगीच विचारत नाही, कारण पुढे येईल.) मामींचा खोकला थंडीआधीच आवरला असेल अशी आशा करतो. इकडे मालिनी ठीक आहे, मी ठीक आहे, आणि समाजाचं जे भलं करायला मी निघालो होतो तेही जवळजवळ ठीक आहे.

कारखान्यातली साहेबाची नोकरी सोडून मी बिल्डर झालो तेव्हा तुम्ही वर्षभर माझ्याशी बोलला नव्हता. पण मामा, मला नुसत्या इमारती बांधायच्या नव्हत्या, माणसं जोडायची होती. म्हणून पालेगावात ठमाबाईंच्या भातखाचरावर 'सहवास' उभी केली तेव्हा प्रत्येक मजल्यावर सगळ्या ब्लॉकना मिळून एकच लांब गॅलरी ठेवली. शेजाऱ्याने शेजाऱ्याशी बोलावं, वाटीभर आमटी इकडून तिकडे जावी, पोरांनी कुठल्याही घरात जेवावं. नकाशा पाहून माझं मलाच भरून आलं. (आर्किटेक्टलाही आलं असावं, तो बराच वेळ डोळे मिटून बसला होता.)

ब्लॉक पाहायला येणाऱ्यांना मात्र घाम फुटला. पंधरा-पंधरा वर्षं चाळीत काढलेली मंडळी ती. गॅलरी दिसली की बायको नवऱ्याचा सदरा ओढायची आणि दोघं आल्या पावली परत. उल्हासनगर कॅम्प दोनमधला आमचा दलाल वाधूमल हात जोडून म्हणाला, "साईं, आदमी चाळसे भागके आता है, और आप उसको फिर चाळ दिखाते हो?" सहा महिन्यांत एक ब्लॉक खपला नाही. ठमाबाई रोज त्या रिकाम्या गॅलरीत येऊन बसायच्या. नवऱ्यामागे एकटी पडलेली बाई. जमीन दिली तीच मुळी शेजार मिळेल म्हणून. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

शेवटी एका गिऱ्हाइकासमोर मी बोलून गेलो, "अहो, मी स्वतः इथे राहायला येणार आहे, तळमजल्यावर." काय जादू झाली म्हणता! बिल्डरच राहणार म्हणजे पाणी येणार, गच्ची गळणार नाही, आणि लाइट गेली तर शिव्या घालायला माणूस हाताशी. बारातले अकरा ब्लॉक महिन्यात गेले. परवा दसऱ्याला अकरा स्वयंपाकघरांत नव्या घराचं दूध उतू गेलं, आणि ठमाबाईंनी प्रत्येक घरी जाऊन ते डोळे भरून पाहिलं.

आता जमीन सोसायटीच्या नावावर करायच्या कागदावर त्यांचा अंगठा तेवढा हवा. तो नसेल तर अकरा बिऱ्हाडं अधांतरी. आणि त्या म्हणतात, "शिरपादा, तुजा दूध कंदी उतू जाल? तवर मी आंगठा नाय लावाची."

त्यांचं म्हणणं रास्त आहे, आणि मला लाजही वाटते. पण मामा, शिवमंदिराजवळच्या आमच्या घराला दोन दारं आहेत. बाहेर लोखंडी जाळी, आत साखळी, आणि 'दुपारी एक ते चार बेल वाजवू नये' अशी पाटी. ती मी स्वतःच्या हाताने रंगवली आहे. दिवसभर माणसं जोडून दमलेल्या माणसाला दुपारी जरा शांतता लागते.

आपला,
श्रीपाद

ता. क. तुम्ही निवृत्त आहात, घरातले वडीलधारे आहात, आणि तुम्हाला बोलायला माणसं लागतात. बारावा ब्लॉक तुमचाच समजा. मामींना घेऊन या आणि माझ्या वतीने दूध उतू घाला. जिना नाही, गुडघ्याची काळजी नको. पत्र मिळताच निघावं.

आणखी एक. मालिनीला हे कळू देऊ नका. तिला ती गॅलरी पहिल्यापासून आवडली आहे.

मामा, नमस्कार. मी मालिनी. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून चार ओळी. तुम्ही धावपळ करू नका. आज सकाळी बाराव्या ब्लॉकमध्ये माझं दूध उतू गेलं आणि ठमाबाईंनी माझ्यादेखत अंगठा उठवला. सामान दुपारी एक ते चारमध्ये हलवते आहे. हे झोपलेले असतात, आणि बेल कुणी वाजवत नाही. पलंग तेवढा हे उठल्यावर नेऊ.