लोरेटाच्या शेडमागे

४ मार्च
लोरेटा ड्रिलिंगला नाही म्हणाली! मी खाण कंपनीची जिऑलॉजिस्ट, जमिनीत भोकं पाडून सोनं शोधणं हे माझं काम. अख्खं गाव सोन्याच्या खाणीवर जगतं, लोक आपणहून जागा दाखवतात, आणि माझी ऐंशी वर्षांची घरमालकीण म्हणते, "टेकडीवर कुठेही खोद, प्रणिता. शेडमागे नको." का? "गुलाब लावलेत." नेवाडाच्या या वाळवंटात? मी पाहिलंय की. नुसती काटेरी झुडपं आहेत.

७ मार्च
तिच्या कुंपणापलीकडे कंपनीची जागा, तिथं ड्रिल केलं. वरच्याच मातीत निळ्या नक्षीच्या वाडग्याचा तुकडा. चिनी! कोर्टासमोरच्या पाटीवर तर लिहिलंय – १८७४ साली तीन भावांना इथं सोनं सापडलं, त्याआधी इथं कोणी नव्हतं. मग हा वाडगा कुणाचा?
बॉसला, ऋषीला दाखवला. "फेक यार. रेकॉर्डवर लॉग केलंस तर आर्किऑलॉजीवाले येतील, काम बंद." माझा व्हिसा याच नोकरीवर. तुकडा खिशात घालून घरी आले.

८ मार्च
लॉगचा फॉर्म उघडला, तसाच बंद केला.

९ मार्च
तुकडा लोरेटापुढे ठेवला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला. मग – "माझ्या आजोबांची आई. चीनहून आलेली. त्या भावांच्या आधीपासून इथल्या ओढ्यात वाळू धुऊन सोनं काढायची. पुढे त्यांच्यातल्याच एकाशी संसार केला. शेडमागे पुरलीय."
नाव?
"कुणी सांगितलंच नाही. आम्ही इंग्लंडहून आलो म्हणायचं, एवढंच शिकवलं."
मिशिगनला, नोव्हायला नवऱ्याकडे, अनुपकडे गेले की मराठी मंडळातल्या काकू जात कळावी म्हणून आडनाव विचारतात. मी नुसतं 'नागपूर' म्हणते आणि विषय बदलते. मला कुणी शिकवलं हे?

११ मार्च
लॉग केलं. फोटोसकट. ऋषी फोनवर ओरडला. ड्रिलिंग बंद.
नवऱ्याला सांगितलं. अनुप म्हणाला, "बरोबर केलंस." आणि लगेच, "आता काय करायचं?" मला काय माहीत!

१४ मार्च
दुकानात काउंटरवरची बाई – "तुझ्यामुळे माझ्या मुलीचं काम थांबलं." मी सॉरी म्हणाले. का म्हणाले? चूक केली का मी?

१९ मार्च
लोरेटा सकाळी ऑफिसात आली. घर, शेड, मागची जागा – सगळं कंपनीला विकलं! आजोबांच्या आईला नीट उचलून गावच्या दफनभूमीत न्यायचं, एवढीच अट. सही केली, चष्मा पर्समध्ये ठेवला.
"अशी काय बघतेस, पोरी? तीही सोन्यासाठीच आली होती."