अडतीस पौंडांची रात्र

१० मे, शनिवार

गाडी धुतली. तीन तास. शेजारचा खिडकीतून बघत होता. बघू दे.

मार्चमध्ये रिटायर झालो आणि ही सेकंडहँड मोटरहोम घेतली, सुनंदाला न विचारता. ती भांडली नाही, तेच वाईट. नुसती अट घातली. "दिवाळीपर्यंत फिरू. मला बरं वाटलं तर ठेवू, नाहीतर विकायची. मग कुरकुर करायची नाही." मी हो म्हटलं. रेल्वे सिग्नलिंगमध्ये अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला पाच महिन्यांत बायकोला खूश करता येणार नाही? बघूच.

मला ही गाडी ठेवायची आहे. फार ठेवायची आहे. तोंडाने म्हटलं तर लहान मूल आहात का विचारेल, म्हणून इथे लिहिलं.

१७ मे, शनिवार

पहिली ट्रिप. पीक डिस्ट्रिक्ट. शेतकऱ्याच्या मागच्या कुरणात पाच गाड्यांना परवानगी, एक नळ, बाकी सगळ्या मेंढ्या. रात्रीचे पंधरा पौंड, ते पत्र्याच्या पेटीत टाकायचे. आमच्याशिवाय कुणी नाही. अहाहा! आमच्या मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउट्सवर गरगरलेलं डोकं जागेवर आलं.

खुर्ची टाकून बसलो. सु. आतच. "अगं, बाहेर ये की." "कशाला? मेंढ्या बघायला?"

टाकीतलं पाणी सु.च्या केसांत शाम्पू असताना संपलं. बादली घेऊन नळावर धावलो. पुढचं लिहीत नाही.

१८ मे, रविवार

केतकीचा क्रॉयडनहून फोन. आमची मुलगी इथेच जन्मलेली, मराठी तिच्या पद्धतीचं. "बाबा, आईला नीट शॉवर पाहिजे. तू कॅरॅव्हॅन क्लबच्या साइटवर का नाही जात? इट्स नॉट दॅट मच." हिला नॉट दॅट मच. एका रात्रीचे अडतीस पौंड! गवताला नंबर लावून ठेवतात आणि त्याचे पैसे घेतात. देशात कुठेही जा, तीच हिरवी पाटी, तेच गेट, तेच नियम. ट्रॅव्हल म्हणायचं की पार्किंग?

१४ जून, शनिवार

नॉरफोक. समुद्र दहा मिनिटांवर. क्लबची साइट. एकच रात्र, सु.ने एकदा बघावं म्हणून. पुन्हा नाव काढणार नाही अशी आशा.

गेटवर वॉर्डन, हातात क्लिपबोर्ड. गाडी पांढऱ्या खुंटीला टेकवून लावा, दोन गाड्यांत सहा मीटर अंतर, कुत्रा दोरीला, दोरी घालून कपडे वाळवायचे नाहीत. बागेत आलोय का बँकेत? बाजूच्या दोन्ही गाड्यांतली माणसं हात करून हसली. मीही केला हात. नाइलाज.

शॉवर मात्र... ठीक आहे, खरं तेच लिहावं. गरम, भरपूर, फरशी चकचकीत. मी स्वतः वीस मिनिटं उभा होतो.

जेवण झाल्यावर सु. भांडी घासायला गेली. तिकडे एक खोलीच आहे, ओळीने सिंक, गरम पाणी. दोन ताटं आणि एक कढई. सव्वा तासाने आली! मला वाटलं हरवली. "पॉलीन भेटली," म्हणाली. ही पॉलीन नॉटिंगहॅमची, शाळेत जेवण वाढायची, आता रिटायर. नवरा रॉन दोन वर्षांपूर्वी गेला. छोटी कॅरॅव्हॅन ओढत एकटी फिरते, सोबत एक म्हातारा कुत्रा. गुडघे, मुली, भाजीतला कांदा, सगळं बोलून झालं म्हणे. मला एवढं सगळं सांगताना सु. हसत होती. बऱ्याच दिवसांनी.

थोड्या वेळाने पॉलीन स्वतःच आली, हातात पत्र्याचा जुना डबा. घरचं शॉर्टब्रेड. "सू, हे तुम्हा दोघांना." सू! लग्नाला चौतीस वर्षं झाली, मी कधी सू म्हटलं नाही.

१५ जून, रविवार

बारापर्यंत जागा सोडायची असा नियम. साडेअकरा. सु. कढई काढून बसलेली. "पोहे आहेत. चिवडा करते, अर्ध्या तासाचं काम." पॉलीनच्या डब्यात घालायला. पॉलीन कुत्र्याला घेऊन समुद्रावर गेलेली. मी म्हटलं, दोन बिस्किटं उरलीत ती खाऊ, डबा तिच्या पायरीवर ठेवू आणि निघू.

"रिकामा? माणसाच्या दारात रिकामा डबा ठेवून जायचं? काय म्हणेल ती?"

"ती इंग्लिश आहे, काही म्हणणार नाही. चल."

"मी म्हणेन ना पण."

घड्याळ दाखवलं. घाई केली. तेच चुकलं. सु.ने डबा वरच्या कपाटात टाकला, दार आपटलं, आणि आम्ही बाराला पाच कमी असताना गेटबाहेर. वाटेत सर्व्हिसेसवर चहाला थांबलो तेव्हा डबा उलटा करून बघितला. तळाला चिकटपट्टी, त्यावर निळ्या पेनाने: रॉनच्या आईचा.

सु.ला दाखवला. तिने तो घेतला आणि धरून बसली. मिल्टन कीन्सपर्यंत.

१७ जून, मंगळवार

क्लबला फोन. सभासदाचा पत्ता, नंबर देता येत नाही, डबा आमच्याकडे पाठवा, आम्ही पोचवू. गोड बोलली बाई. मी हो म्हणणार तेवढ्यात सु.ने मान हलवली. "पोस्टाने? भरून पाठवला तर चुरा होईल, आणि रिकामा मी पाठवणार नाही." ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी पॉलीन दर वर्षी तिथेच असते. रॉनचा वाढदिवस. हे तिने सिंकपाशी सु.ला सांगितलं होतं.

डबा सध्या आमच्या मायक्रोवेव्हवर. येता-जाता माझ्याकडे बघतो.

१९ जुलै, शनिवार

वेल्स. शेत. बारा पौंड! पाऊस. गाडी चिखलात. चाक फिरतंय, गाडी जागची हलत नाही. मी मागून ढकलतोय, सु. स्टिअरिंगवर, सगळा चिखल माझ्या तोंडावर. शेतकऱ्याने ट्रॅक्टरने ओढून काढली, पैसे घेतले नाहीत. भला माणूस. दोन दिवसांत त्याच्याखेरीज माणसाचं तोंड दिसलं नाही.

२० जुलै, रविवार

परतताना सु. बोलली. जसं आठवतं तसं लिहितो.

"अहो, रागावू नका. केतकी क्रॉयडनला गेल्यापासून घरी आपण दोघंच. मी दुकानात तीन दिवस कामाला जाते म्हणून माणसं तरी दिसतात. आणि मग चार तास गाडी चालवून कुठेतरी जायचं, तर तिथेही दोघंच. तुम्हाला शांतता हवी असते. मला घरातच पुष्कळ आहे."

मग म्हणाली, "विकून टाका. दिवाळीची वाट कशाला बघायची?"

मी आपला वायपर चालू-बंद करत होतो. पाऊस थांबला होता तरी. वाईट वाटलं. गाडीचं वाटलं, आणि केतकी गेल्यापासूनच्या पाच वर्षांत हे मला दिसलं नाही याचं जास्त वाटलं.

९ ऑगस्ट, शनिवार

जाहिरात टाकली. फोटो काढताना आतले पडदे नीट केले, उशा मांडल्या. स्थळ बघायला येणार असल्यासारखं.

३१ ऑगस्ट, रविवार

मंडळाचा गणपती. जोशी, तोच तो, ज्याला सगळ्यातलं सगळं कळतं. "अडतीस पौंड? वेडा आहेस का? त्यात थोडे घालून हॉटेलात जा. टॉवेल देतात, ब्रेकफास्ट देतात." बरोबर बोलत होता. मीच हे केतकीला शंभरदा सांगितलंय. मी मान डोलावणार तर मागून सु.: "भाऊजी, हॉटेलात शेजारच्या खोलीत कोण आहे ते कळतं का तुम्हाला? नुसता टीव्ही ऐकू येतो."

जोशी प्रसादाच्या रांगेकडे वळला. असं होत नाही कधी.

घरी आल्यावर कॉम्प्युटर उघडला. नॉरफोक, ३ ते ५ ऑक्टोबर, दोन रात्री. सु.ला न विचारताच बुक केलं. मग सांगितलं. "बरं केलंत," म्हणाली, आणि डबा घासायला घेतला. तो स्वच्छच होता.

१३ सप्टेंबर, शनिवार

गाडीला गिऱ्हाईक. लेस्टरचा माणूस. ११ ऑक्टोबरला, शनिवारी बघायला येतो म्हणाला. फोटो आवडले. आवडणारच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. सु. दोन दिवस तळत होती. चिवडा, चकल्या, बेसनाचे लाडू. डबा भरताना तळाला कागद, मग लाडू, मग चकल्या उभ्या, फटींत चिवडा. मी एक चकली उचलली तर हातावर चापट.

सगळ्या रस्त्याभर डबा तिच्या मांडीवर. ही पॉलीन आलीच नाही तर? विचारलं नाही. गेटमधून आत शिरलो, तोच वॉर्डन, तोच क्लिपबोर्ड. कोपऱ्यात छोटी कॅरॅव्हॅन, खाली म्हातारा कुत्रा. सु. गाडी पुरती थांबायच्या आत उतरली! नियमात बसत नाही ते.

पॉलीन डबा बघून रडली. मला वाटलं होतं रागावेल. "मी मुलीला म्हटलं, जाऊ दे, चांगल्या घरी गेलाय." मी सॉरी म्हटलं, घाई माझी होती. "रॉनलाही असायची," म्हणाली.

४ ऑक्टोबर, शनिवार

रॉनचा वाढदिवस. तिघं समुद्रावर गेलो, वारा असा की बोलता येईना. संध्याकाळी पॉलीनच्या कॅरॅव्हॅनमध्ये चहा. चकली चहात बुडवून खाते. सु.ने चालवून घेतलं!

मी विचारलंच. या साइटचे एवढे पैसे, पटतं तुला? ती म्हणाली, "रॉन होता तेव्हा आम्ही शेतातच जायचो. तुझ्यासारखाच होता, म्हणायचा गवताचे कसले पैसे. आता मी एकटी. मला दार बंद करून झोप लागायला हवी. इथे गेटवर माणूस आहे, बाजूला माणसं आहेत, सकाळी कुणीतरी गुड मॉर्निंग म्हणतं. गवताचे पैसे मी देतच नाही."

कधीतरी आमच्यातलंही कुणी एक... पुढे लिहवत नाही. सु. आणि पॉलीन भांडी घासायला गेल्या, तीन कप. मी कुत्र्यापाशी बसलो. दीड तास. या वेळी वाट बघायला बरं वाटलं.

५ ऑक्टोबर, रविवार

साडेअकरा. आवरून तयार. पॉलीन आली, हातात तोच डबा. मी म्हटलं, अगं, हा तर तुझा, परत कशाला? उघडून दाखवला. आत फ्लॅपजॅक, ओट्सच्या जाड वड्या, काठोकाठ. "सूने सांगितलं, तुमच्यात रिकामा परत करत नाहीत."

"अगं पण तुझा डबा आमच्याकडे—"

"ईस्टरला आणा. मी पीक डिस्ट्रिक्टला असते, क्लबच्याच साइटवर."

गेटबाहेर पडल्यावर सु.ला म्हटलं, "तू सांगितलंस तिला?"

"खोटं काय सांगितलं? आपल्यात नाहीच करत."

आणि खिडकीबाहेर बघायला लागली. कान लाल. चौतीस वर्षांत एवढं मला कळतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

लेस्टरवाल्याचा मेसेज. शनिवारचं नक्की ना? सु.ला वाचून दाखवला. "काय कळवू?"

ती गाडीतल्या उशांचे अभ्रे काढून धुवायला टाकत होती. गिऱ्हाईक येणार म्हणून, की ईस्टरसाठी, काही कळेना. विचारायचा धीर झाला नाही.

"तुमची गाडी, तुम्ही ठरवा," म्हणाली. मे महिन्यापासून पहिल्यांदाच. मग मशीन लावताना, माझ्याकडे न बघता: "ईस्टरला त्या साइटवर जागा लवकर संपतात म्हणे. पॉलीन म्हणत होती."

मेसेजला अजून उत्तर दिलेलं नाही. डब्यात सहा वड्या आहेत. सु.ने बजावलंय, रोज अर्धीच.