डोंगरावरच्या देशाचा शिक्का

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

फाएन्झा, इटली
२० ऑगस्ट १९९५

ती. अप्पा व आई यांस शिवकन्याचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे सगळं ठीक. पाचवा महिना सुरळीत चालला आहे. ऑक्टोबरच्या एकोणीस तारखेचं तिकीट काढलं. सातवा लागला की मी घाटनांदुरात. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे आईचं म्हणणं यांनाही मान्य आहे. सातव्यापुढे विमानात घेत नाहीत, म्हणून तारीख हलवता येणार नाही. बाळ तीन महिन्यांचं झालं की मी परत इकडे येईन. यांच्या फरशीच्या यंत्रांचं काम अजून दीड वर्ष आहे.

ऑगस्टात इथले कारखाने बंद असतात. आठ दिवस आम्ही एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरी राहिलो. भाडं देऊन राहता येतं. चोहीकडे सूर्यफूल. आपल्या स्टेशनमागच्या रानासारखंच, फक्त बाभळी नाहीत. मालकीणबाई रोज सकाळी माझ्या पोटाकडे बघून एक अंडं जास्त ठेवायची. मी खात नाही, हे तिला आठ दिवसांत सांगता आलं नाही.

एक दिवस तिथून दुसऱ्या देशात जाऊन आलो. सकाळी गेलो, दिवेलागणीला परत. सान मारिनो म्हणून देश आहे. एक डोंगर, त्यावर तीन बुरूज, बस्स. माणसं सिरसाळा आणि घाटनांदूर मिळून भरतील तेवढी. आपल्याला रेल्वेचं स्टेशन आहे, त्या देशाला नाही. देश कुठे सुरू झाला ते मला कळलंच नाही. मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, मघाशीच सुरू झाला. वर चढताना दम लागला, तेव्हा यांनी मला एका कट्ट्यावर बसवलं आणि बुरूज एकटेच बघून आले.

माझ्या पासपोर्टवर त्या देशाचा शिक्का मारून घेतला. तो दाखवतानाचा माझा फोटो सोबत पाठवते. योगीला म्हणावं, तुझी अक्का दोन देश बघून बसली, तू अजून अंबाजोगाईच्या पुढे गेला नाहीस.

लोभ आहेच, मी येईपर्यंत पुरवून ठेवा.

आपली
शिवकन्या

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

घाटनांदूर
१२ सप्टेंबर १९९५

चि. सौ. शिवकन्या हीस मन्मथप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. खुशाली समजून बरे वाटले. पाऊस बेताचा. मोंढ्यात मूग आला आहे, भाव पडलेला.

तू दुसऱ्या मुलखात गेलीस ते आम्हास अगोदर कळवावयास हवे होते. झाले ते झाले. आता एक सांगतो ते ऐक. तू सध्या इकडे येऊ नयेस. कारण पत्रात लिहिता येण्यासारखे नाही. जावईबापूंजवळ राहा. तेथेही चांगले दवाखाने असतीलच. तुझी आई खोली सारवून बसली आहे, ते मनावर घेऊ नकोस. बायकांचे असेच असते.

फोटो पाहिला. तो कोणास दाखविला नाही. पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नकोस व त्याविषयी पत्रातही काही लिहू नकोस.

राजेश्वररावांस नमस्कार सांगावा. प्रकृतीस जपावे. अधिक लिहीत नाही.

अप्पा

अंबाजोगाई, वसतिगृह
२४ सप्टेंबर १९९५

ती. सौ. अक्कास योगीराजचा सा. न.

अप्पांनी तुला काय लिहिलं ते आईला परवा कळलं. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलत नाही. हे पत्र मी हॉस्टेलवरून चोरून लिहितोय.

झालं असं. तुझं पत्र आलं तेव्हा दुकानात शिरूरचा शहादेव बसला होता. मस्कतला सहा वर्षं लॉरी चालवून आलेला. अप्पांना पासपोर्टाबद्दल काही विचारायचं तर तोच एक माणूस. त्यानं सांगितलं की दुसऱ्या मुलखाचा शिक्का बसला की पहिल्या मुलखाचं काम खलास. अप्पांना ते लगेच पटलं, कारण आडतीत तसंच आहे. पोत्यावर आपला शिक्का असतो. दुसऱ्या आडत्यानं वर त्याचा मारला की माल त्याचा, परत आपल्या वखारीत येत नाही. अप्पा म्हणतात, पोर आता कागदोपत्री त्या डोंगराची झाली. इटलीवाल्यांच्या अजून ध्यानात नाही म्हणून बरं. गुपचूप बसली तर निभेल. पण विमानतळावर पासपोर्ट उघडला की फसेल. इकडे आली तर इटलीत परत घेणार नाहीत, आणि बाळ इकडं, दाजी तिकडं असं होईल. हे पत्रात लिहिलं तर सरकार पत्र उघडून वाचतं, असंही शहादेवनं सांगितलं. म्हणून अप्पांनी तुला कारण लिहिलं नाही.

मी म्हणालो, असं काही नसेल. ते म्हणाले, तुला काय माहीत? खरंच मला काय माहीत? भूगोलाच्या सरांना विचारलं, त्यांना तो देशच माहीत नव्हता. त्यांनी नकाशात शोधला, तर तिथं नाव होतं पण जागा नव्हती.

मोंढ्यातला फोन पोळ्यापासून मुका आहे. अप्पा आणि मी इथून, अंबाजोगाईहून, तुला फोन लावला. पलीकडून कोणी बाई बोलली. अप्पांनी तिला तीनदा मोठ्यानं सांगितलं की मी मन्मथप्पा बोलतो. तीही तीनदा काहीतरी बोलली. मग लाइन गेली.

आईनं सांगितलंय ते तसंच लिहितो. तिला म्हनावं, शिक्का कागदाला बसला, तुला न्हाई. खोली सारवून झाली, बाजंला नवी नवार हाय. तुला यायचं नसंल तर तुझ्या तोंडानं सांग, कागदाचं नाव सांगू नगंस.

तेव्हा तो शिक्का कसला, ते दोन ओळींत कळव. पण त्याआधी ये.

माझ्यावरची माया अप्पांच्या वाट्यालाही थोडी ठेव, ते घाबरलेत.

तुझा
योगी

फाएन्झा
३० सप्टेंबर १९९५

ती. अप्पांस शिवकन्याचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आपलं पत्र आज मिळालं. मी येत नाही.

तुम्ही कारण लिहिलं नाही. मी चार वेळा वाचून ते शोधलं. फोटोत मी पँट घातली आहे, म्हणून तो कोणाला दाखवला नसेल का? त्या डोंगरावर वारा फार होता, साडी आवरत नव्हती. की मी मालकीणबाईच्या अंड्यांबद्दल लिहिलं म्हणून? अप्पा, मी ती खाल्ली नाहीत. रोज एक रुमालात बांधून कोंबड्यांच्या खुराड्यात परत ठेवलं.

मध्यंतरी खालच्या बाईकडे एक फोन आला होता. कोणी गृहस्थ भांडत होते, असं ती म्हणाली. आपले कोणी असतील असं मला वाटलं नाही.

हे दहा तारखेला तिकीट परत करतील. इथला दवाखाना स्वच्छ आहे. डॉक्टरीणबाई माझ्याशी हळूहळू बोलतात, तरी निम्मं कळत नाही. कळा सुरू झाल्या की काय म्हणायचं, ते मी वहीत लिहून घेतलं आहे.

आईला सांगा, खोलीत धान्य ठेवा. रिकामी ठेवू नका.

माझं काही चुकलं असेल तर ते कधीतरी सांगावं, एवढीच विनंती.

आपली
शिवकन्या

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

घाटनांदूर
२८ ऑक्टोबर १९९५

श्री. राजेश्वर यांस सौ. शिवकन्याचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

पोचल्याची तार मिळाली असेल. प्रकृती बरी आहे. योगी मुंबईला घ्यायला आला होता. एसटीत त्यानं मला खिडकी दिली आणि प्रत्येक खड्ड्याला तोच ओय म्हणाला.

माझं पत्र गेल्यावर का होईना, योगीचं आलं, हे एक बरं. दुसरं बरं म्हणजे तुम्ही तिकीट परत केलं नव्हतं. दहा तारीख उलटून गेली तरी तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं विसरलात. विसरला होता की नाही ते अजून सांगितलं नाहीत.

अप्पा पहिले चार दिवस माझ्याकडे सरळ बघत नव्हते. मीही शिक्क्याचा विषय काढला नाही. काल दुपारी पोस्टमन आला. अप्पांनी पाकीट फोडलं आणि नेहमीसारखं ओसरीवर बसून आईला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. ते माझंच पत्र होतं, तीस सप्टेंबरचं. मी समोर शेंगा फोडत होते. अप्पांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या, थांबले, आणि आईला म्हणाले, "येत न्हाई म्हनते."

आई म्हणाली, "मग ही कोण हाय?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. परत कागदाकडे बघितलं. अंड्यांपर्यंत वाचलं, पुढचं मनात वाचलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

मग मी पासपोर्ट आणला. त्यांनी पोत्यावरची खूण बघावी तसा तो उजेडात धरला. मी सांगितलं, हा शिक्का कामाचा नाही. जाताना कोणी अडवत नाही, येताना कोणी विचारत नाही. लोकांना हौस असते, म्हणून एका खिडकीत पैसे घेऊन मारून देतात. अप्पांनी दोनदा विचारलं, कोणालाही मारून देतात? मी म्हणाले, कोणालाही. त्यानं माल कोणाचा होत नाही? मी म्हणाले, नाही होत.

ते उठून दुकानात गेले. मला वाटलं विषय संपला. परत आले ते दुकानाचा रबरी शिक्का आणि जांभळ्या शाईचा डबा घेऊन. मला बोलायला अवधी मिळाला नाही. त्यांनी त्या शिक्क्यातल्या तीन बुरुजांच्या शेजारी, नीट ओळ धरून आपला शिक्का मारला. मन्मथप्पा, आडत दुकान, मोंढा, घाटनांदूर. वर फुंकर मारली. मग म्हणाले, त्यांचा चालतो तर आपला कावून न्हाई?

आता याचं काय होईल ते मला माहीत नाही. शहादेवला विचारू नका असं मी सांगितलं आहे. तुम्ही तिथल्या कचेरीत चौकशी करा, पण काय झालं ते त्यांना कसं सांगाल, हेही मला सुचत नाही. यानं पासपोर्ट बाद होऊ शकतो, हे अप्पांना मी सांगितलेलं नाही. रात्री ते पहिल्यांदा माझ्याशेजारी जेवायला बसले.

खोलीत धान्य ठेवलेलं नाही. बाजेला नवी नवार आहे, कडक लागते. आपली माया आमच्या दोघांवर तिकडूनही पोचती असू द्या.

पासपोर्ट कोनाड्यात उघडाच आहे. आई म्हणते, एवढ्यात मिटू नको, समोरच्या पानावर उमटेल.

आपली
शिवकन्या