थोरल्यांच्या आधी

अण्णा नगर, चेन्नई

प्रिय ऊर्मी,

अनेक आशीर्वाद. तुझा फोन लागत नाही, आणि लागला तर ताई उचलते नि म्हणते, "लेक झोपलीय." एवढी झोप कुंभकर्णालाही नव्हती गं! म्हटलं, कागदाशीच बोलावं, तो काही "झोपलीय" म्हणत नाही. शुद्धलेखन सांभाळून घे. शाळा चौथीतच सुटली माझी. तमिळ शिकले बसच्या पाट्यांवरून, आणि मराठी टिकवली ती तुझ्या काकांनी मागवलेल्या दिवाळी अंकांवर.

तुझी खोली तशीच आहे. गच्चीतला कढीपत्ता मात्र करपला. त्याला पाणी घालायचं काम काकांचं, माझ्या लक्षातच राहत नाही. खालच्या अलमेलू मामी अजून दोघांपुरतं डोशाचं पीठ पाठवतात. आता एकीपुरतंच द्या, असं सांगायला जीभ रेटत नाही, मग दुसऱ्या दिवशी आंबट डोसे एकटीच खाते.

त्या दिवशी काका किती खुशीत होते, आठवतं? गुडघ्याच्या एक्स-रेला निघाले होते, पण इस्त्रीचा शर्ट चढवला. म्हणे, "आपल्या ऊर्मीचं हॉस्पिटल, जावयाचा मान मिळेल!" बाकावर बसले, ड्यूटीवर असलेल्या तुला हात केला आणि तसेच खाली कोसळले. मान मिळाला खरा. सगळे धावले. कुणी पंखा फिरवला, कुणी तळपाय चोळले, कुणी ट्रॉली आणली, आणि एकजण तर बीपीचं यंत्र पुन्हा पुन्हा लावत होता. ज्याचा ठोका थांबलाय त्याचं बीपी मोजत होती माणसं! मला तेव्हा काय कळणार? मला वाटलं, अगबाई, किती करताहेत.

तू त्यांच्या छातीवर तळहात ठेवला होतास. मी पाहिलंय. आणि यामिनी सिस्टरने तुझं मनगट धरलं, "कोंजम इरु मा, डॉक्टर येतायत, थांब थोडी." तू थांबलीस. डॉक्टर आले, त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, ट्रॉली लिफ्टपाशी उभी राहिली. छाती दाबायला सुरुवात झाली ती वर गेल्यावर. तेरावं झालं आणि तू राजीनामा देऊन सांगलीची गाडी धरलीस. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

परवा ते मोठे डॉक्टर, शेषाद्री, घरी आले होते. चहा निवला तरी कप हातातच. म्हणाले, "मामी, आमच्या सगळ्यांकडे शिकल्याची प्रमाणपत्रं आहेत. हातांना मात्र सवय नव्हती." आता सगळ्यांना पुन्हा शिकवताहेत आणि मी काय पाहिलं ते तिथे येऊन सांगावं, असं त्यांना वाटत होतं. मी गेले. चटईवर रबरी बाहुला निजवलेला. डॉक्टर म्हणाले, "हा पडलाय. करा सुरू." तर वॉर्डातली आया सिस्टरकडे बघते, सिस्टर यामिनीकडे, यामिनी डॉक्टरांकडे. पंगतीत पान वाढलेलं असावं, भात निवत असावा, आणि थोरल्यांनी घास घेतला नाही म्हणून सगळे हात मांडीवर. अगदी तसं. आपल्याकडे हे वळण चांगलं मानतात. तुलाही ते मीच लावलं, कौतुकाने. माणूस पडल्यावर हे वळण चालत नाही, हे सांगणारं आपल्यात कुणी नव्हतं गं.

मग मीही बसले बाहुल्यापाशी. छाती नीट दाबली की तो टक्कन वाजतो. माझ्या हातून एकदाही वाजला नाही, सगळे हसले, मीही हसले. यामिनीच्या हाताखाली मात्र वाजत राहिला, आणि ती दाबता दाबताच रडायला लागली. म्हणाली, "ऊर्मीला मी धरलं होतं, मामी." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

काका वाचले असते का? शेषाद्रींना मी विचारलं. ते म्हणाले, "कदाचित." तुला खोटं सांगून मी समजूत घालणार नाही. हे "कदाचित" आपल्या दोघींना जन्मभर पुरणार आहे. पण ते तू एकटीने का वाहायचंस?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. माझ्या हृदयाची झडप बिघडली आहे. पुढच्या महिन्यात त्याच हॉस्पिटलात ऑपरेशन आहे. ताईला अजून सांगितलेलं नाही, तूही इतक्यात सांगू नकोस, ती रडून गाव गोळा करील. घरचं माणूस म्हणून मी तुझं नाव दिलंय, तुला न विचारता. नर्स म्हणून नको येऊस, भाची म्हणून ये. पण हात बरोबर आण. आणि ऐक, या घरात आता थोरली मीच. मला काही झालं तर कुणाच्या तोंडाकडे बघू नकोस, कुणी मनगट धरलं तर झटकून टाक. थोरलीने घास घेतलाय, असं समज आणि सुरू कर. बरगडी मोडली तर मोडू दे. नंतर तुला रागवायला तरी मी असेन.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
विद्युलता मावशी