चित्रात वडील नसल्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
दृष्टी संशोधन संस्था
(मार्फत : प्रमुख, मानवी दृष्टी विभाग)

विषय : खुल्या दिवसाच्या प्रदर्शनातून माझ्या घराचे चित्र वगळण्याबाबत, अन्यथा काही किमान सवलत मिळण्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवरील आपला 'नामंजूर' हा शेरा.

महोदय,

१. मी मानवी दृष्टी विभागात सहायक आहे. आमचा विभाग व संगणक दृष्टी विभाग यांच्यातील देवाणघेवाणीसाठी नजर टिपणारा चष्मा आठवडाभर घरी घालून वावरण्यास मी स्वखुशीने, खरे तर पुढे पुढे करून, होकार दिला होता. डोळा कुठे वळतो आणि कशावर थांबतो, ते हा चष्मा समोरच्या दृश्य-आवाजासकट टिपतो. ती नोंद आम्ही संगणकवाल्यांना द्यायची, त्यावरून त्यांचे यंत्र चष्मा घालणाऱ्या माणसासारखे पाहायला शिकणार, आणि त्याच माणसाची खोली यंत्राला कशी दिसते त्याचे चित्र ते आम्हाला परत देणार, असे ठरले होते. माणूस जे पाहतो ते चित्रात ठसठशीत येते, जे ओझरते पाहतो ते पुसट येते. ज्याकडे तो मुळीच पाहत नाही, तिथे यंत्र शेजारचेच काहीतरी भरून मोकळे होते.

२. माझे चित्र आले. त्यात माझी मुलगी आहे. पत्नी आहे, जराशी पुसट. तिला मोबाइलवर दाखवले तेव्हा "बरं झालं, मी निदान आहे तरी," एवढेच बोलून ती भांडी आवरायला गेली. माझा मोबाइल तर इतका लख्ख आला आहे की त्याच्या काचेवरचा तडाही दिसतो. खिडकीजवळ माझे वडील बसतात. त्या आठवड्यातही ते रोज तिथेच बसलेले होते. त्या जागी, त्यांच्या खुर्चीवरही, यंत्राने शेजारचा पडदाच भरला आहे. वडील शिंपी होते आणि तो पडदा त्यांनीच शिवलेला आहे.

३. पहिल्या अर्जात मी चष्म्यात बिघाड असल्याचे ठासून लिहिले होते. संगणक विभागातील ज्यांना सगळे 'टक्के' म्हणतात (टक्क्यांशिवाय त्यांचे एक वाक्य पुरे होत नाही), त्यांनी माझ्यासमोर चित्रण लावले. चष्मा शंभर टक्के ठणठणीत निघाला. वडील कितीतरी वेळा समोर आलेले आहेत. एकदा ते मला विचारतात, "आज लवकर आलास?" माझा आवाज येतो, "हं." माझी नजर दाखवणारा ठिपका तेव्हा चार्जरच्या वायरीवर आहे. टक्क्यांनी पुन्हा लावू का विचारले, मी नको म्हटले. ते भले गृहस्थ आहेत, त्यांनी लगेच चहाचा विषय काढला. मला मात्र जमिनीत गडप व्हावेसे वाटत होते.

४. दुसऱ्या अर्जात मी आणखी एक आठवडा चष्मा मिळावा अशी विनंती केली होती. काय तपासले जात आहे हे ज्याला ठाऊक झाले त्याची नजर स्वाभाविक राहत नाही, या नियमावर बोट ठेवून आपण ती फेटाळली. नियम रास्त आहे, त्याचा मसुदा मीच केला होता. तरीही मी घरी चष्म्याविना प्रयत्न करून पाहिला. जेवताना वडिलांकडे पाहत राहिलो. त्यांनी आधी शर्टाची बटणे चाचपली, मग हनुवटीवर काही सांडले आहे का ते पुसून घेतले. शेवटी म्हणाले, "काय रे, ऑफिसात काही झालंय का?" मी नाही म्हटले. "मग असा का बघतोयस?" मी आमटीचे भांडे त्यांच्याकडे सरकवले.

५. शनिवारी वडील प्रदर्शनाला येणार आहेत. आपले घर मुलाच्या ऑफिसात लागणार आहे, हे त्यांनी शेजाऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झाले आहे. केस कापून आले, शर्टाला इस्त्री करून ठेवली. काल त्यांनी विचारले, "मी चित्रात नीट बसलोय ना? वाकलेला नाही ना दिसत?" मी म्हटले, "बघालच की." महोदय, त्यांना खरे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

६. सबब माझी विनंती आहे की चित्र काढून घ्यावे. ते शक्य नसल्यास पाण्याच्या कूलरमागे लावावे. तिथे ओल येत असल्यास ते उलटे टांगावे, पाहणारे ती नवी पद्धत समजतील. तेही अमान्य असल्यास त्याखाली दुसऱ्या कुणाचे नाव लिहावे. झाडूकामवाल्या मावशी "लिहा की माझं" म्हणाल्या आहेत. एवढ्यावरही अडचण असल्यास वडील त्या भिंतीजवळ पोहोचताच मार्गिकेतील दिवे थोडा वेळ बंद ठेवावेत. वायरमनशी बोलणे झाले आहे, पण त्याला लेखी आदेश हवा आहे.

७. या मागण्या शहाण्या माणसाच्या नाहीत, हे मला कळते. वरीलपैकी काहीच मान्य होणार नसेल, तर माझे एकच मागणे राहते. चित्राखाली छापील पाटी लावली आहे : 'सहभागी व्यक्तीच्या नजरेशी तंतोतंत जुळते. यंत्राची चूक आढळली नाही.' तेवढी पाटी शनिवारपुरती उतरवावी. वडील भिंतीवरचे प्रत्येक अक्षर वाचल्याशिवाय पुढे सरकत नाहीत, आणि छापील गोष्टीवर त्यांचा फार विश्वास आहे. पाटी नसल्यास मला त्यांच्याशेजारी उभे राहून म्हणता येईल की यंत्राचं चुकलंय, बाबा. ते मानतील. माझे म्हणणे त्यांनी आजवर असेच मानून घेतले आहे.

आपला नम्र व ओशाळलेला,
(सही)
सहायक, मानवी दृष्टी विभाग
दिनांक : प्रदर्शनाआधीचा गुरुवार

सोबत : वडिलांच्या प्रवेशपत्राची प्रत.